अंबाडी: भाजीचं तास वेगळं, वाखाचं वेगळं

अंबाडीची भाजीही हवी आणि वाख, म्हणजे दोर वळायला सालीचा धागाही हवा, तर पेरतानाच तासं (ओळी) वेगळी करा. भाजीसाठी शेंडा खुडला की झाड बगलेतून फुटतं, आणि जिथे जिथे फांदी तिथे सोलताना वाख तुटतो. दाव्याला, कासऱ्याला लांब वाख लागतो, म्हणजे झाड सरळसोट हवं. त्यासाठी पेरणी दाट: दोन ओळींत 30 सेंटीमीटर, दोन झाडांत 10. भाजीच्या तासात मात्र विरळणी करा आणि झाड गुडघ्याला लागलं की खुडत राहा. दोन्हींसाठी पाणी साचणारी जागा टाळा. बुंधा कुजून उभं झाड वाळतं.

निम्मी झाडं फुलली की वाखासाठी कापायची. फूल फिकट पिवळं, मध्ये गडद लाल डोळा. बोंडं भरेपर्यंत थांबलात तर वाख राठ होतो. पेंढ्या दोन-तीन दिवस शेतातच ठेवल्या की पानं गळतात. मग आधी नुसते बुडखे दोन-तीन दिवस पाण्यात उभे करा, कारण बुडाची साल जाड असते आणि ती कुजून सुटायला मागे राहते. त्यानंतर अख्ख्या पेंढ्या आडव्या बुडवून वर दगड ठेवा. चिखल किंवा केळीचे खांब नकोत, वाख काळा पडतो.

दहाव्या दिवसापासून रोज एक काडी काढून बुडाकडून अंगठ्याने साल रेटून बघा. सरकन निसटली की त्याच दिवशी सोला आणि धुवा. थंडीत जास्त दिवस लागतात. पण एकदा साल सुटल्यावर उशीर झाला तर वाखच कुजायला लागतो, आणि पीळ घालताना हातात तुटतो.

भाजीतली नेहमीची चूक म्हणजे डाळ आणि पाला एकत्र शिजवणं. आंबटात डाळ बोटचेपी होतच नाही. अर्धी वाटी तूरडाळ आणि मूठभर ज्वारीच्या कण्या आधी मऊ शिजवा. एक जुडी पाला वेगळा उकडून, फार आंबट असेल तर पाणी पिळून, त्यात घोटा. भांडं स्टीलचं किंवा मातीचं घ्या. लोखंडी कढईत भाजी काळी पडते. तेलात कंजुषी नको: दहा-बारा लसूणपाकळ्या लालसर तळून ती फोडणी भाकरीवर वाढलेल्या भाजीवर वरून ओता.