आप्पांच्या दातावरची चर

आजींच्या कवळीचं माप घ्यायचं होतं, म्हणून दोघे मुलगे त्यांना सिन्नरकडच्या गावाहून नाशिकरोडला माझ्या दवाखान्यात घेऊन आले होते. थोरले आप्पा, वय ५४, शेती करतात. धाकटे नाना सातपूरला कंपनीत आहेत. दोघे शेजारी उभे राहिले की आप्पांचं डोकं जेमतेम नानांच्या हनुवटीला लागतं.

आजींचं काम झाल्यावर आप्पा म्हणाले, "मॅडम, पोरीचं लग्न आहे. माझे पण डाग काढून द्या, फोटोत लई दिसतात."

खुर्चीत बसवून स्केलिंग केलं, म्हणजे यंत्रानं दात साफ केले. तंबाखूचा काळा थर निघाला, पण समोरच्या दोन्ही दातांवर, साधारण मध्यावर, आडवी रेघ तशीच राहिली. प्रोबचं, म्हणजे दात तपासायच्या बारीक सळईचं, टोक दातावरून खाली ओढलं, तर ते त्या जागी अडकलं. तो डाग नव्हता, चर होती. शेजारच्या दातांवरही होती. सुळ्यांवर बघितलं, तर तिथे तीच चर टोकाच्या जवळ सरकलेली. माझा हात थांबला.

कायमचे दात हिरडीच्या आत, बाळपणीच तयार होत असतात. समोरच्या दाताचं एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, टोकाकडून हिरडीकडे, जन्मानंतर तीन-चार महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंत थराथराने चढतं. सुळ्याचं काम सहा-सात वर्षांपर्यंत चालतं, म्हणून एकाच वयाची खूण तिथे टोकाच्या जवळ पडते. मूल मोठ्या आजारात किंवा उपासमारीत सापडलं, की एनॅमल घालणाऱ्या पेशींचं काम खुंटतं आणि तेवढा पट्टा पातळ राहतो. हाड आयुष्यभर स्वतःला बदलत राहतं, तिथल्या खुणा पुसल्या जातात. एनॅमल एकदा तयार झालं की शरीर ते पुन्हा घडवत नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तिथे घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली मुलं सापडली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेकरांच्या दातांवरही एनॅमलचे असे दोष आहेत.

चर कुठे आहे ते बघून मी मनात हिशेब केला. अडीच-तीन वर्षांचं वय.

"आप्पा, जन्म कधीचा?"

"सत्तरचा."

म्हणजे १९७२-७३. मी बाकड्यावर बसलेल्या आजींकडे वळले. "आजी, हे अडीच-तीन वर्षांचे असताना फार आजारी होते का?"

आजी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

बहात्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायला जायच्या. पोराला झाडाखाली टोपल्यात ठेवायचं. सरकारची सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची, घरी लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी. अंगावरचं दूध कधीच आटलेलं. त्यात पोराला गोवर निघाला आणि पाठोपाठ हगवण लागली, ती काही थांबेना. "दुडूदुडू पळणारं पोर, बाई, खाली बसलं. चार महिने पाय टाकला नाही त्यानं. मी धरून उभं करायचे, की पाय दुमडायचे."

नाना १९७८ चे. तोवर विहिरीला पाणी लागलं होतं, दारात गाय होती.

आप्पा भरतीला गेले होते, छाती भरली, धावले, आणि उंचीत दोन बोटं कमी पडले. घरचे म्हणत, मामावर गेलाय. आजींचे दोघेही भाऊ बुटके, त्यामुळे बोलणं सासरी आजींनाच बसायचं. त्यांनी ते पन्नास वर्षं खाली मान घालून ऐकलं. मला याचा मनापासून राग आला. मामा तरी कुठल्या सुकाळात वाढले होते? चाळिशीच्या दशकातला त्यांचा जन्म, तापानं आणि जुलाबानं पोरं पटापट जायचे ते दिवस. जी वाचली, त्यांच्या अंगातलं बळ जगण्यातच खर्ची पडलं, वाढीला उरलं नाही. त्यांची उंची तरी नुसती रक्तातली कशी म्हणायची? मूल किती वाढू शकतं हे आईबापांकडून येतं, पण त्यातलं किती पदरात पडेल हे पहिल्या दोन-तीन वर्षांतलं अन्न, पाणी आणि आजार ठरवतात. आज जगात उंच म्हणून ओळखले जाणारे डच घ्या. १८६० च्या सुमारास तिथले सैन्यभरतीचे तरुण सरासरी १६५ सेंटिमीटर होते, आता पुरुषांची सरासरी १८३ च्या आसपास आहे. दीडशे वर्षांत एवढं रक्त बदलत नाही.

हे सगळं मी आजींना माझ्या परीनं सांगितलं. एका चरीवरून किती सेंटिमीटर गेले ते सांगता येत नाही, हेही सांगितलं. पुढे चांगलं खायला मिळालं असतं तर बरीच भर निघाली असती, पण त्या घरात पुढचीही दोन-तीन वर्षं ओढगस्तीचीच होती. "तुमचं काही चुकलं नाही, आजी. गोवरची लस सरकारी कार्यक्रमात आली १९८५ ला. तुम्ही काय करणार होतात?"

नाना इतका वेळ दाराशी उभे होते. ते येऊन आईशेजारी बसले.

हे जुनं झालं असं मला वाटत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. त्र्यंबक-पेठकडून येणारी लहान मुलं खुर्चीत बसली, की आता मी किडीच्या आधी समोरच्या दातांवर रेघ शोधते.

आजी उठून खुर्चीपाशी आल्या. मी आप्पांचा ओठ वर धरला, दिवा जवळ घेतला. आजींनी बोटानं दात चाचपला, नख त्या चरीत थांबलं.

"इथं का तो गोवर," म्हणाल्या.

आप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंड उघडं असल्यामुळे त्यांना काही बोलता आलं नाही.

लग्नाआधी दोन वेळा बोलावून मी समोरच्या चार दातांच्या चरी दाताच्या रंगाच्या सिमेंटनं भरून दिल्या. सुळे मात्र त्यांनी तसेच राहू द्या म्हणून सांगितलं. हसताना दिसत नाहीत, म्हणाले.