तुम्ही विचारलंत म्हणून: जाहिरात एवढी गाजली, मग के-मार्ट बुडालं कसं?

मी राहतो अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला, जिथे के-मार्टचं, म्हणजे इथल्या त्या स्वस्त मालाच्या दुकानांच्या साखळीचं, हेड ऑफिस होतं, आणि काम करतो जाहिरातीत, त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या लाईनीत कोणीतरी हमखास विचारतंच, अहो ती पँटवाली जाहिरात केवढी गाजली होती, तरी बुडालं कसं हो? आता विचारलंतच तर सांगतो, थोडं पाल्हाळ लागेल.

पँटवाली म्हणजे एप्रिल २०१३ची 'शिप माय पँट्स'. दुकानात हवा तो माल नसेल तर तिथूनच ऑनलाईन मागवा, आम्ही घरी फुकट पोचवू, एवढंच सांगायचं होतं, पण 'शिप माय पँट्स' भराभर म्हटलं की 'शिप'चं 'शिट' ऐकू येतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं ह्याने पँटीतच उरकलं की काय. यूट्यूबवर थोड्याच दिवसांत एक कोटीच्या वर व्ह्यूज. मला तर ती अजूनही आवडते. विक्री मात्र घसरतच राहिली.

पण खरा घोळ त्याच्या बारा वर्षं आधीचा. के-मार्ट आणि त्याच्यासारख्याच दोन साखळ्या, वॉलमार्ट आणि टार्गेट, तिघांची पहिली दुकानं १९६२ सालची, त्यात के-मार्ट आधी मोठं झालं. १९६५ पासून त्यांची ती ब्लू लाईट, म्हणजे दुकानात मध्येच निळा दिवा फिरायला लागायचा आणि स्पीकरवर "अटेन्शन के-मार्ट शॉपर्स!", की लोक पळत त्या कोपऱ्यात, काहीतरी स्वस्त निघालंय म्हणून. १९९१ला ते बंद केलं आणि २००१ला गाजावाजा करून परत आणलं, सोबत हजारो वस्तूंचे भाव कायमचे उतरवले. आता वॉलमार्टशी भावावर भांडायचं म्हणजे काय, त्यांनी आणखी उतरवले. के-मार्टने "आमच्याकडे टार्गेटपेक्षा स्वस्त" असे बोर्ड लावले तर टार्गेटने बोर्डावरचे भाव चुकीचे आहेत म्हणून कोर्टात खेचलं.

आणि ह्या सगळ्यात एक साधी गोष्ट कापली, ती म्हणजे पेपरातून येणारी रंगीत पत्रकं. दिसायला एकदम बोअर, डिटर्जंट एवढ्याला, मोजे तेवढ्याला, बस. पण के-मार्टचं गिऱ्हाईक ते पत्रक बघूनच घराबाहेर पडायचं! पत्रकं कमी झाली तशी माणसं कमी झाली, नाताळचा सीझन गेला, आणि २२ जानेवारी २००२ला दिवाळखोरीचा अर्ज. त्यानंतर महिनाभरात काय केलं तर स्पाईक लीसारख्या दिग्दर्शकाकडून हळव्या फॅमिली जाहिराती करून घेतल्या, इमेज सुधारायला. म्हणजे शेल्फवर माल वेळेवर पोचत नाही, दुकानं जुनाट, आणि पैसा चाललाय लोकांच्या डोळ्यात पाणी आणायला.

२००५ला ते सिअर्स ह्या दुसऱ्या जुन्या दुकान-साखळीशी जोडलं गेलं, नंतर दुकानांच्या डागडुजीवर कंपनीने फार कमी खर्च केला. म्हणून २०१३च्या त्या जाहिरातीला मी दोष देत नाही, तिने लोकांना हसवलं, नाव परत तोंडी आणलं, पण हसून कोणी दुकानात गेलाच तर आत त्याला तेच जुनं के-मार्ट दिसणार होतं ना, ते काय एजन्सीच्या हातात होतं? ट्रॉयचं ते हेड ऑफिस आता पाडलंय, आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं शेवटचं मोठं के-मार्ट, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रिजहॅम्प्टनचं, ऑक्टोबर २०२४ला बंद झालं.