आत्याची गाठ आणि ग्रीन झोन

बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणत राहून गेलं होतं. कोविडच्या काळात म्हाताऱ्या माणसांच्या कॅन्सरच्या ट्रीटमेंटचं काय झालं यावर. माझी गोव्यात डिचोलीला फार्मसी आहे, लॉकडाऊनमध्ये सगळा बाजार बंद असताना आमचं शटर वर होतं, त्यामुळे काउंटरच्या आतून जे दिसलं आणि घरात आत्याचं जे झालं ते दोन्ही माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळलेलं आहे. डॉक्टर मी नाही, हे आधीच सांगते.

तेव्हाची केंद्राची गाइडलाइन आठवतेय? ६५ च्या वरच्यांनी, इतर आजार असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि १० च्या आतल्या मुलांनी घरीच रहावं. त्याच वाक्यात पुढे होतं की अत्यावश्यक गरज आणि आरोग्याचं काम सोडून. म्हणजे दवाखान्यात जायला कोणी अडवलंच नव्हतं! पण व्हॉट्सअॅपवर फिरला तो पहिला अर्धा भाग, आणि घराघरात तोच कायदा झाला. त्यात गोव्यात मार्च २०२० चे शेवटचे दिवस कसे गेले ते इथल्यांना माहितीच आहे, किराणा दुकानंसुद्धा बंद, लोक तांदूळ कुठे मिळेल म्हणून फोन करत होते. अशा वेळी कोण म्हणणार की आईच्या छातीत गाठ लागतेय, जरा दाखवून येऊया.

आत्याला छातीत गाठ लागली ती शिगम्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या होळीच्या आसपास. वय ७४, बीपीची एक गोळी सोडली तर काही नाही, पहाटे उठून कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत फिरणारी बाई. एका खाजगी दवाखान्यात फोन केला तर सांगितलं, लॉकडाऊन संपल्यावर या. बस, एवढंच. कधी या, तोपर्यंत काय करायचं, काय झालं तर धावत यायचं, काही नाही. दादाला, म्हणजे आत्याच्या मुलाला, ते पटलं कारण त्याला तेच ऐकायचं होतं. आईला कोविड झाला तर ती वाचणार नाही हे त्याच्या मनाने घेतलेलं. आणि भीती अगदीच खोटी होती असंही नाही, वय हा कोविडमधला खरा धोका होताच, २२ जूनला गोव्यात पहिला मृत्यू झाला तेही ८५ वर्षांचे गृहस्थ होते.

पण आता तारखा शेजारी शेजारी ठेवून बघितल्या की माझं डोकं फिरतं. गोव्यात सुरुवातीला फक्त ७ पेशंट होते आणि १९ एप्रिलला शेवटचा बरा झाला. १ मे ला अख्खं राज्य ग्रीन झोन, म्हणजे केंद्राच्या यादीत सगळ्यात कमी धोक्याचं. मेच्या मध्यापर्यंत इथे एकही अॅक्टिव्ह केस नव्हती, कोविडसाठी मडगावचं ईएसआय हॉस्पिटल वेगळं काढून ठेवलेलं. म्हातारीला दवाखान्यात न्यायला त्या वर्षात याहून बरे दिवस मिळणार नव्हते, आणि नेमके ते आम्ही तिला घरात कोंडून, दाराशी सॅनिटायझरची बाटली ठेवून काढले. मग जूनमध्ये वास्कोच्या मांगोर हिल वस्तीत कोविड पसरला आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तर आकडे बघवत नव्हते.

हे फक्त आमच्या घरात झालं असंही नाही. नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरच्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्यातल्या ४१ सेंटरांचा हिशोब नंतर लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या मेडिकल जर्नलमध्ये छापून आला, मार्च ते मे २०२० ची तुलना आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यांशी. नवीन पेशंटची नोंदणी ५४ टक्क्यांनी कमी, मोठी ऑपरेशनं ४९ टक्क्यांनी कमी, किमो ३७, रेडिएशन २३. मला यात नोंदणीचा आकडा सगळ्यात जास्त टोचतो. किमो कमी झाली तिथे निदान डॉक्टरने बसून काहीतरी विचार केला असेल, पण जो माणूस आलाच नाही त्याच्याबद्दल कोण विचार करणार? कॅन्सर तर ५४ टक्क्यांनी कमी झाला नव्हता ना.

तसा एक माणूस माझ्या काउंटरवर यायचा. सत्तरीच्या पुढचे, मास्क हनुवटीवर, तोंडात लावायचं जेल मागायचे. तंबाखूची सवय जुनी. आधी एक ट्यूब, मग परत एक, मग दोन एकदम द्या म्हणाले, सारखं यायला नको. मी म्हटलं काका, तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर दाखवायलाच लागते, जेलने होणार नाही. तर म्हणे मुलगा सोडत नाही, चवथ (गणेश चतुर्थी) झाली की बघू. चवथ २२ ऑगस्टला होती आणि आमचं हे बोलणं जूनमधलं. शेवटी मी ट्यूब दिलीच नाही आणि मुलाचा नंबर मागून घेतला. मुलगा फोनवर आधी भडकला, नंतर घेऊन गेला. तोंडाचा, घशाचा कॅन्सर थांबून रहात नाही.

आता दुसरी बाजू पण सांगते, कारण थांबवलं म्हणजे चुकलंच असं सरसकट म्हणणाऱ्यांचाही मला राग येतो. आत्याला शेवटी जुलैमध्ये नेलं, सुई घालून तुकडा काढला, रिपोर्ट आला हॉर्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हॉर्मोनवर वाढणारा ब्रेस्ट कॅन्सर. या डॉक्टर बाईंनीसुद्धा ऑपरेशन पुढेच ढकललं! दादा लगेच माझ्याकडे बघायला लागला, बघ मी म्हणत होतो ना. पण हे ढकलणं निराळं. त्यांनी लेट्रोझोल या हॉर्मोन कमी करणाऱ्या औषधाची अडीच मिलिग्रॅमची गोळी रोज एक अशी सुरू केली, गाठ मोजून आकडा फाइलवर लिहिला, सोनोग्राफी परत कधी करायची ते ठरवलं आणि सांगितलं की वाढतेय असं दिसलं तर कोविड असो नसो, ऑपरेशन करणार. वयस्कर बायकांत अशा प्रकारच्या गाठीला या गोळीने काही महिने आटोक्यात ठेवता येतं, कितीदा ती लहानही होते, हे आधीपासून माहीत होतं, कोविडमध्ये ते जास्त वापरलं गेलं. गाठ लहान झाली आणि नोव्हेंबरमध्ये ऑपरेशन झालं. म्हणजे मार्च ते जुलै पण थांबलो आणि जुलै ते नोव्हेंबर पण थांबलो, पण दुसऱ्या वेळी ट्रीटमेंट चालू होती, पहिल्या वेळी आम्ही नुसते देवाला हात जोडत होतो.

असे मार्ग बरेच होते. प्रोस्टेटच्या काही पेशंटना हॉर्मोनचं इंजेक्शन देऊन वेळ काढता येत होता. सलाइनमधून द्यायच्या किमोऐवजी काहींना तोंडाने घ्यायची गोळी चालत होती. ब्रेस्ट कॅन्सरच्या रेडिएशनबद्दल तर एप्रिल २०२० मध्येच ब्रिटनच्या फास्ट-फॉरवर्ड ट्रायलचे पाच वर्षांचे निकाल आले होते, ३ आठवड्यांत १५ वेळा जाण्याऐवजी १ आठवड्यात ५ वेळा जाऊन तेवढंच काम होतं म्हणून. केरी-पेडण्याहून रोज गाडी करून यायचं असेल तर १५ आणि ५ मधला फरक काय तो पेशंटच्या घरच्यांना विचारा. उलट ब्लड कॅन्सरचे काही प्रकार असे की आठवडाभरसुद्धा थांबणं परवडत नाही. म्हणजे कोणता कॅन्सर, कुठल्या स्टेजचा, माणूस किती धडधाकट, हे सगळं बघून ठरणारी गोष्ट, आणि आपण ती जन्मतारीख बघून ठरवली.

जन्मतारखेवरून आठवलं. वयस्कर पेशंटला ट्रीटमेंट झेपेल का याचा अंदाज घ्यायला डॉक्टर एक छोटी प्रश्नावली वापरतात, जी-एट म्हणतात तिला, आठ प्रश्न, एकूण १७ मार्क. खाणं कमी झालंय का, वजन उतरलंय का, चालणं-फिरणं कसं, डोकं ठिकाणावर आहे का, गोळ्या किती घेता, तुमच्या वयाच्या इतरांपेक्षा तब्येत कशी वाटते असं सगळं. १४ किंवा कमी आले तर अजून खोलात तपासायचं. यात वयाला १७ पैकी जास्तीत जास्त २ मार्क! वजन किती उतरलं याला ३. आमच्या आत्याचं वय ८० च्या आत असल्यामुळे वयाचे दोन्ही मार्क तिलाच मिळाले असते, आणि आम्ही तिला काचेचं भांडं करून ठेवलेलं.

भीतीच्या मुळाशी काय होतं तेही नंतर वाचलं. अगदी सुरुवातीला चीनमधून बातमी आली की कॅन्सरच्या पेशंटना कोविड फार जड जातो, ती १५९० कोविड पेशंटांतल्या फक्त १८ कॅन्सरवाल्यांवरून. पुढे मे २०२० च्या शेवटी ब्रिटनमधून ८०० कॅन्सर पेशंटांचा अभ्यास आला, त्यात नुकतीच किमो घेतली म्हणून मृत्यू वाढले असं दिसलं नाही, वय आणि इतर आजारांनी मात्र फरक पडत होता. आणि नोव्हेंबरमध्ये बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सात प्रकारच्या कॅन्सरवर अभ्यास आला, ऑपरेशन चार आठवडे लांबलं तर मृत्यूचा धोका आधी होता त्याच्या ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. कोविडचे आकडे रोज संध्याकाळी बुलेटिनमध्ये यायचे हो, पण घरी थांबल्याने वाढलेल्या गाठींचं बुलेटिन कोणी काढलं नाही.

आत्या ठीक आहे. पाच वर्षं लेट्रोझोल घेतली, माझ्याच दुकानातून, दर वेळी "ह्यो गोळ्यो किदें सोन्याच्यो?" असं विचारून. दादा अजून म्हणतो की मी नेलं नाही म्हणून आई वाचली, त्या गर्दीत तिला काहीतरी झालं असतं. त्याच्याशी मी आता वाद घालत नाही, आत्या घालते. गाठ तिच्या अंगात, जीव तिचा, आणि फोन केला दादाने, ठरवलं दादाने, गप्प राहिलो आम्ही सगळे, आणि ती स्वयंपाकघरात बसून सगळं ऐकत होती. त्यावरून तिचं एकच वाक्य असतं, "म्हाका कोणें विचारलें?" यावर दादाकडे अजून उत्तर नाही, तो विषय बदलून सुपारीच्या भावावर येतो.