तळ्याकाठची बटरफ्लाय

पिसा, फ्लॉरेन्स, लुक्का चार दिवसांत झालं. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. लुक्कात ऑपेराकार पुच्चिनीच्या जन्मघरात तो स्टाइनवे पियानो आहे ज्यावर त्याने 'तुरान्दोत' हा ऑपेरा रचला, तेवढा मात्र चुकवू नका. मला लिहायचंय ते तोरे देल लागो या गावाबद्दल.

पिसाहून व्हियारेज्जोकडे जाणाऱ्या लोकलने उतरायचं आणि मासाचुक्कोली तळ्यापर्यंत चालायचं. उन्हाळ्यात दुपारी हा रस्ता नकोसा होतो, संध्याकाळ धरूनच निघावं. तळ्याला लागून पुच्चिनीचं घर. कामाच्या खोलीत उभा पियानो आणि त्याला खेटूनच लिहायचं टेबल, म्हणजे सूर सापडला की हात लगेच कागदावर. 'मादामा बटरफ्लाय'चा बराचसा भाग याच घरी घडला. त्याच घरात त्याची समाधीही आहे. १९२४ साली तो ब्रुसेल्सला वारला आणि १९२६ साली त्याला इथे आणलं.

याच्या नायिका मरतात आणि लक्षात राहतात. त्यामागचं तंत्र साधं आहे, पण ते साधायला अवघड. सुखाच्या प्रसंगात एखादी चाल पेरायची आणि ती मरणाच्या वेळी परत आणायची. 'ला बोहेम'च्या पहिल्या अंकात अंधारात रोदोल्फोच्या हाताला मिमीचा गारठलेला हात लागतो. तिथली चाल शेवटच्या अंकात, ती अंथरुणावर असताना, अगदी हळू आवाजात वाजते. तिच्या मरणाला अशी आठवणीची सोबत दिली आहे. 'तुरान्दोत'मधल्या ल्यूचं पहिलं गाणं तर आपल्या कानाला थेट भूपाच्या स्वरांतलं वाटतं: सा रे ग प ध. मध्यम आणि निषाद नसल्यामुळे त्या चालीत कुठे टोक येत नाही. गुलाम मुलीची विनवणी अशीच हवी.

पण इथे यायचं ते उन्हाळ्यातल्या महोत्सवासाठी. तळ्याकाठी उघडं नाट्यगृह आहे, खेळ अंधार पडल्यावर सुरू होतो आणि डास भरपूर असतात. पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. 'बटरफ्लाय' लागला असेल तर दुसरा काही बघू नका.

चो-चो-सान, म्हणजेच बटरफ्लाय, ही जपानी गेइशा; अमेरिकी नौदलातला पिंकर्टन तिच्याशी लग्न करतो आणि तिला सोडून निघून जातो. ती दिसण्याआधी ऐकू येते. टेकडी चढत येणारा तिचा सूर प्रत्येक वळणाला एक पूर्ण स्वर वर सरकतो. पुढे दुसऱ्या अंकात 'उन बेल दी', म्हणजे 'एके छान दिवशी': तो परत येईल, असं ती गाते. शब्द आशेचे, पण चाल वरच्या षड्जावर सुरू होऊन खाली उतरत जाते. पुच्चिनीने तिथे 'जणू दुरून' अशी सूचना लिहिली आहे. बऱ्याच गायिका पहिलाच स्वर जोरात लावतात आणि तिथेच हे गाणं हातचं जातं. तो स्वर हवेतून आल्यासारखा हळूच लागला पाहिजे.

मग रात्रभराची वाट पाहणं. आई, मूल आणि दासी पडद्याला भोकं पाडून बसतात आणि आतून मिटल्या तोंडाने गुणगुणणारं कोरस सुरू होतं. शब्द एकही नाही. खाली तंतुवाद्यं फक्त बोटांनी छेडतात. चाल ओळखीची असते: थोड्याच वेळापूर्वी पिंकर्टनचं पत्र वाचून दाखवताना हीच वाजलेली. मिटल्या तोंडाने गाताना सूर उतरतो, म्हणून पुच्चिनीने पडद्याआड व्हिओला दामोरे हे जुन्या धाटणीचं तंतुवाद्य सोबतीला दिलं आहे. उघड्यावर आणखी एक पंचाईत: आत उभ्या गायकांना वाद्यवृंद उशिरा पोचतो आणि लय मागे पडते. इथे मात्र ती तीन मिनिटं बरोबर जमली. मागे तळं काळं झालेलं, आणि हजारो माणसांत खोकल्याचाही आवाज नाही.

१९०४च्या फेब्रुवारीत मिलानच्या ला स्कालामध्ये प्रेक्षकांनी याच ऑपेराची हुर्यो उडवली होती. तेव्हा हा सगळा भाग एकाच लांबलचक अंकात होता. पुच्चिनीने तो मधे तोडला, काही भाग गाळला, पिंकर्टनला पश्चात्तापाचं गाणं दिलं, आणि मे महिन्यात ब्रेश्शात तोच ऑपेरा डोक्यावर घेतला गेला.

शेवट सांगतो. दुसऱ्या अंकात चो-चो-सान मुलाला म्हणते, पुन्हा नाचून भीक मागण्यापेक्षा मरण बरं. ती खंजीर खुपसून कोसळल्यावर सगळा वाद्यवृंद तीच चाल एकसुरात गर्जून सांगतो. सूर बी मायनरचा. बी हा षड्ज धरला तर अखेरच्या स्वरसमूहात षड्ज, कोमल गंधार आणि पंचम यायला हवेत. पुच्चिनी पंचमाच्या जागी कोमल धैवत ठेवतो. समेवर येता येता पाय हवेतच राहतो, आणि दिवे लागतात.