तुम्ही विचारलंत म्हणून: बोटीचं पोट लाल का?

"ओ काका, खालनं लाल का केलंय?"

मिरजेच्या गणेश तलावावर रिमोटची बोट सोडली की दहा मिनिटांत हा प्रश्न येतोच. पोरं विचारतात, पोरांचे आजोबा विचारतात, एकदा तर रिक्षावाल्यानं सवारीसकट रिक्षा थांबवून विचारलं. निम्मे लोक उत्तर पुरं व्हायच्या आत "केवढ्याला पडली?" वर येतात. म्हणून एकदा लिहूनच काढतो. (किंमत सोडून. घरची माणसंही वाचतात.)

लाल रंगाचं उत्तर लहान आहे: तांबं. समुद्रात राहणाऱ्या जहाजाच्या पोटाला शेवाळ आणि शिंपल्यांची जात चिकटते, लाकडी जहाज असेल तर किडे ते पोखरतात. तांब्यावर ही मंडळी टिकत नाहीत. ब्रिटिश आरमारानं १७६१ साली 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेच्या पोटाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. शेवाळ थांबलं, पण तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यात झिजून गेले. पुढं जहाजंच लोखंडाची झाली. त्यांना तांब्याचा पत्रा लावायचा म्हणजे अख्खं जहाजच गंजाला खायला द्यायचं. मग तांबं रंगात कालवून लावायला लागले, आणि त्या रंगातलं क्युप्रस ऑक्साइड मुळातच विटकरी लाल. आता निळ्या-काळ्या पोटाचीही जहाजं असतात, पण लाल म्हटलं की जहाज, हे डोळ्यांत बसलंय ते बसलंय.

माझी बोट म्हणजे टग, बंदरात मोठ्या जहाजांना ओढणारी ठेंगणी बोट असते ती. गोड्या पाण्यात तासभर फिरून पिशवीतनं घरी येते, तिला तांब्याबिंब्याची काही गरज नाही. नक्कल म्हणून लाल दिला. मात्र तो लाल कुठं संपवायचा, यात माझी काही वर्षं गेली.

पहिल्या बोटीला मी वरच्या काठापासून खाली चार सेंटिमीटर मोजत गेलो, ठिपके दिले, ठिपके जोडले. टेबलावर झकास दिसली. पाण्यात सोडली तर केळं! बोटीचा काठ पुढं नाळेकडं, म्हणजे नाकाकडं, आणि थोडा मागंही उचललेला असतो, त्याच्या नादानं माझी रेघही दोन्हीकडं वर गेलेली. मधला लाल बुडालेला, टोकांचा उघडा. लांबून कळत नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत असे. कळायचं.

मग २०१९ चा पूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे आकडे सांगलीत पाढ्यांसारखे पाठ असतात. त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभागातल्या आमच्या घरात ते कमरेच्या वर उभं होतं. ओसरल्यावर चिखल काढायला आलो, तर भिंतीवर रेघ. भिंतीवरून दारावर, दारावरून कपाटावर, कपाटाच्या गोल कोपऱ्याला वळसा घालून पलीकडच्या भिंतीवर. घर जुनं, फरशीला उतार, दाराची चौकट एका अंगाला कललेली, कपाट तर पाण्यानं उचलून तिरकंच टेकवलेलं. रेघेनं यातल्या कुणालाच जुमानलं नव्हतं. खराटा हातात धरून मी त्या कपाटाकडं बघत राहिलो, तर हिनं विचारलं, "काय झालं?" बोटीचं कुठं चुकलं ते आत्ता कळलं, हे त्या चिखलात उभं राहून कसं सांगणार? सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

आता रेघ मारायच्या आधी बोट पुरी भरतो. मोटर, बॅटरी, रिसीव्हर, सगळं आत. माझा टग पन्नासाला एक या मापाचा. खरा टग ५०० टनांचा धरला, तर लांबी, रुंदी, उंची तिन्ही पन्नासांनी भागायच्या, म्हणजे वजन सव्वा लाखानं: ४ किलो. सामान धरूनही बोट तेवढी भरत नाही, उरलेलं वजन म्हणजे टायरवाल्याकडचे शिशाचे तुकडे. कपडे भिजवायच्या टबात बोट सोडून ते तुकडे मागंपुढं सरकवत ती बसवायची आणि नाळेला, मागच्या टोकाला पाणी लागतं तिथं एकेक खूण करायची. मग बोट कोरडी करून सपाट काचेवर ठेवायची आणि दोन्ही खुणा काचेपासून एकाच उंचीला येईपर्यंत खाली पाचरी लावायच्या. लाकडी ठोकळ्याला त्याच उंचीवर आडवी पेन्सिल बांधून ठोकळा बोटीभोवती फिरवायचा. पोट आत वळो, बाहेर वळो, पेन्सिल पातळी सोडत नाही.

खरं जहाज समुद्रातून हुगळीसारख्या नदीत शिरलं की गोड्या पाण्यात थोडं जास्त बुडतं, म्हणून त्याच्या अंगावर गोड्या पाण्याची वेगळी खूण असते. माझ्या टगच्या मापात हा फरक जेमतेम मिलिमीटरभर. तो मी सोडून देतो.

बाकी रंगकाम कुठल्याही गाडीच्या डेंटिंग-पेंटिंगसारखंच. लांबी (पुट्टी) भरायची, वॉटर पेपर मारायचा, प्रायमर, पुन्हा पेपर, मग रंगाचे पातळ हात. ऊसतोडीच्या दिवसांत पाचटाची काळी राख उडत येऊन ओल्या रंगावर बसते, पावसाळ्यात लॅकर दमट हवेनं पांढुरका पडतो. त्यामुळं मला वर्षात दोनच महिने बरे मिळतात. हार्डनरवाला रंग गाडीवाल्याकडूनच मारून घेतो. त्याची वाफ छातीला वाईट, आणि तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही.

एकदा फार हुशारी केली. मिरजेत सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत भोपळ्यावर चपडीचं पॉलिश चढताना पाहिलं होतं. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, कापसाचा बोळा, गोल गोल हात, आणि चकाकी अशी की बोट लावायला भीती वाटावी. तेच माझ्या लाकडी पोटाला केलं. तलावात अर्धा तास फिरून बोट बाहेर काढली, तर पोट दुधासारखं पांढरं! चपडीला पाणी सोसत नाही. तंबोऱ्याला कोण तलावात सोडतंय?

रेघेवर लावायची टेप मात्र चांगली घ्या. साधी कागदी टेप लावली तर तिच्या काठाखालून लाल झिरपतो आणि रेघेला करवतीचे दात येतात. पोटाच्या वरचा काळा आधी दिलेला असतो. टेप लावल्यावर तिच्या काठावरून त्याच काळ्याचा एक पातळ हात द्यायचा. झिरपायचा तो काळाच काळ्यावर झिरपतो, फट बुजते, मग लाल. रंग पुरता कडक व्हायच्या आत टेप स्वतःवरच दुमडत, सावकाश ओढायची. त्या वेळी घरात कुणी हाक मारलेली मला चालत नाही.

यंदा जुनी शिशाची बॅटरी काढून लिथियमची घातली. अर्धा किलो वजन कमी झालं, ते परत भरायचा मी आळस केला आणि तसाच तलावावर गेलो. टग चांगला अर्धा सेंटिमीटर वर तरंगायला लागला. काळ्याखाली लाल पट्टी उघडी पडली, सरळ होती, पण उघडी. काठावर एक आठ-नऊ वर्षांची पोरगी उभी होती. लाल का, हे तिनं विचारलंच नाही.

"काका," ती म्हणाली, "पाणी उतरलं की हो तुमचं."