लिफाफा क्रमांक एक : आमची वाटचाल

आमची बांधकाम कंत्राटाची फर्म उभी राहिली ती सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांच्या नोंदणीवर. मजूर सहकारी संस्था, बेरोजगार अभियंते आणि खुले कंत्राटदार यांच्यात सरकारी लहान कामांची तेव्हा ३३:३३:३४ टक्के अशी वाटणी होती, हे महाराष्ट्रात या धंद्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. त्या ३३ टक्क्यांतल्या शाळाखोल्या आणि संरक्षक भिंतींवर आम्ही दोघा भागीदारांनी हात बसवला. त्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. खरी कसोटी लागली ती विद्यापीठांची टेंडरं भरायला लागल्यावर.

विद्यापीठाच्या कामात आधी बघायचं की हे विद्यापीठ कुणाचं आणि पैसा कुठून येतोय. राज्याचं सार्वजनिक विद्यापीठ असेल तर २०१६ चा विद्यापीठ कायदा, वर व्यवस्थापन परिषद, आणि दर बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतले. वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठासारखी केंद्रीय संस्था असेल तर केंद्राचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम. ‘रुसा’च्या, म्हणजे उच्च शिक्षणाच्या केंद्र-राज्य योजनेच्या (२०२३ पासून ‘पीएम-उषा’), निधीतली इमारत असेल तर ६० टक्के केंद्राचे आणि ४० टक्के राज्याचे. मग दोन्हीकडचे हप्ते येईपर्यंत आरए बिल, म्हणजे काम चालू असतानाचं हप्त्याचं बिल, लांबू शकतं, हे धरूनच दर काढायचे.

लोकांना वाटतं, टेंडर म्हणजे सगळ्यात कमी दर कुणाचा एवढंच. दराचा लिफाफा दुसरा असतो. पहिल्या लिफाफ्यात कागद आणि पात्रता. त्यात नापास झालात तर तुमचा दर कुणी उघडूनही बघत नाही. लहान फर्म मरते ती इथेच, दरात नाही.

पात्रतेचं गणित केंद्राच्या धाटणीच्या निविदांमध्ये साधारण असं असतं : गेल्या काही वर्षांत अंदाजपत्रकाच्या ४० टक्के किमतीची तीन समान कामं, किंवा ६० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक. सोबत उलाढालीची अट आणि बिड कपॅसिटी, म्हणजे आणखी किती रकमेचं काम पेलेल त्याचा हिशेब. हातात चालू कामं जास्त असली की कपॅसिटी खाली येते. मला ही शिडी अन्यायाची वाटत नाही. कालपर्यंत अंगणवाडी बांधणाऱ्याला चार मजली प्रयोगशाळा कुणी का द्यावी? खोच आहे ती ‘समान काम’ या दोन शब्दांच्या व्याख्येत. व्याख्या जितकी अरुंद, तितके स्पर्धक कमी.

एका निविदेत समान काम म्हणजे फक्त विद्यापीठाची इमारत, असं लिहिलं होतं. आम्ही तोवर शासकीय वसतिगृह आणि आयटीआयची इमारत केली होती. आरसीसी फ्रेम तीच, मजले तेवढेच. माझ्या भागीदाराने प्री-बिड मीटिंगच्या, म्हणजे टेंडर भरण्याआधीच्या शंकानिरसन बैठकीच्या, आधीच लेखी प्रश्न पाठवला : शासकीय किंवा निमशासकीय संस्थेची बहुमजली इमारत धरणार का, नसल्यास कारण काय? मीटिंगमध्ये तोंडी बोललेलं हवेत जातं. लेखी प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं आणि ते सगळ्यांना दिसतं. शुद्धिपत्रक निघालं, व्याख्या रुंद झाली. ते काम आम्हाला मिळालं नाही, एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा, दुसराच आला. पण आमचा दुसरा लिफाफा उघडला गेला, आणि तेव्हापासून प्री-बिडची तारीख आमच्याकडे टेंडरच्या शेवटच्या तारखेपेक्षा मोठी मानली जाते.

काहीजण अशा वेळी थेट कोर्टात जायची भाषा करतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये नागपूर मेट्रोच्या प्रकरणात सांगून ठेवलंय की निविदेच्या अटी ज्याने लिहिल्या, त्यालाच त्यांचा अर्थ सगळ्यात नीट कळतो; उघड मनमानी किंवा दुष्ट हेतू असल्याशिवाय कोर्ट त्यात हात घालत नाही. म्हणजे भांडायचं ते निविदा उघडण्याआधी, लेखी.

बयाणा रकमेबद्दल, म्हणजे टेंडरसोबत भरायच्या अनामतीबद्दल, एक सांगायलाच हवं, कारण नवे लोक हमखास विचारतात. लघुउद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी आहे म्हणून बयाण्यात सूट मिळेल, असं धरून चालू नका. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीचं केंद्राचं २०१२ चं खरेदी धोरण वस्तू आणि सेवांसाठी आहे, बांधकामाच्या कंत्राटाला ते लागू नाही.

आता दर. बी-वन टेंडरमध्ये सगळ्या आयटमचे दर छापलेले असतात, आपण फक्त किती टक्के वर की खाली एवढंच भरायचं. एका आकड्यात सगळा खेळ, म्हणून पोरं ईर्षेने २०-२५ टक्के बिलो जातात. मर्यादेपलीकडे खाली गेलं की राज्यात जास्तीची सुरक्षा ठेव भरावी लागते, आणि जितकं खाली जाल तितकी ती चढते. ज्याला खेळतं भांडवल कमी, त्याचा पैसा वीट रचायच्या आधीच अडकतो. आम्ही रेट अॅनालिसिस, म्हणजे प्रत्येक आयटमच्या खर्चाचा हिशेब, करून जिथे थांबायचं तिथे थांबतो. त्यापायी बरीच कामं गेली. त्यातली काही पुढे अर्धवट पडून फेरनिविदेला आली, ती बघून आनंद वगैरे झाला नाही. त्या इमारतीत बसणार होती ती मुलं दोन वर्षं पत्र्याखाली बसली.

कराची ओळही वाचावी. सरकारी बांधकामावरचा १२ टक्के जीएसटी १८ जुलै २०२२ पासून १८ झाला. दरात कर धरलाय की वेगळा मिळणार, एवढ्या एका वाक्यावर कित्येकांचा नफा गेला. मजूर कल्याण उपकराचा एक टक्काही बिलातून कापला जातो, तो दरात धरलेला असावा.

ई-टेंडर पोर्टलवर भरताना दोनच गोष्टी आम्ही ऑफिसातल्या मुलांना बजावतो : बीओक्यूच्या, म्हणजे दर भरायच्या तक्त्याच्या, फाइलचं नाव बदलायचं नाही, आणि शेवटच्या दिवसासाठी काही ठेवायचं नाही. घड्याळ सर्व्हरचं चालतं, आपलं नाही.

सध्या एका विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहाचं फायनल बिल मोजमाप पुस्तकात चढतंय. बिलाइतकीच आम्हाला काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याची घाई आहे. त्यावर इमारतीचा प्रकार, मजले, कामाची रक्कम, सुरू आणि पूर्ण झाल्याची तारीख हे सगळं स्पष्ट यायला हवं, असं पत्र आम्ही आधीच देऊन ठेवलंय. नुसतं ‘काम समाधानकारक’ लिहिलेला दाखला पुढच्या पहिल्या लिफाफ्यात चालत नाही.