मीठ वाढलंय

परवा दुपारी आमटीत मीठ घालायला बरणीत चमचा घातला तर नुसतीच खरखर. काळजीचं कारण नव्हतं, खालच्या कपाटात मागे एखादा पुडा असतोच. हात घातला तर एकामागून एक पाच निघाले. त्यांच्या आड काड्यापेट्यांचा अख्खा गठ्ठा. आमच्याकडे गॅस लायटरने पेटतो, आणि लायटरही दोन आहेत. नवऱ्याने डोकावून विचारलं, "दुकान टाकतेयस का?"

फोनवर बोट टेकवलं की दहा मिनिटांत मुलगा मीठ घेऊन दारात येतो, हे मलाही ठाऊक आहे. पण मे उजाडला की माझं डोकं ठाण्यात राहत नाही, गुहागरला आजीच्या पडवीत जाऊन बसतं.

तिकडे त्या दिवसांना आगोट म्हणतात. मिरगाच्या आत सगळं घरात यायला हवं. फाटी, शेणी, तांदूळ, रॉकेलचा डबा, चिंचेचे गोळे, आमसुलं. तूरडाळीला एरंडेल चोळायचं काम बायकांचं, आठळ्या लाल मातीत घोळवायचं आम्हा पोरांचं. खडेमीठ मात्र आजी स्वतः भरायची, चुलीच्या उबेला ठेवलेल्या मडक्यात. तरी आषाढात मिठाला पाणी सुटायचंच आणि मडक्याखालची जमीन ओल धरायची.

आणि बोंबील. यांत्रिक होड्यांना हल्ली 1 जून ते 31 जुलै सरकारी बंदी असते. आजीचा हिशोब थेट नारळी पौर्णिमेपर्यंतचा. कोळीण टोपली उतरवायची, दोघी तासभर घासाघीस करायच्या. मग बोंबील शेकड्याने, जवळा मापाने आणि सोडे अगदी जिवावर आल्यासारखे, कारण ते महाग. आणलेल्या सुक्याला घरी पुन्हा दोन उन्हं दाखवायची. राखणीला मी, हातात काठी. कावळे काठीला भीत, मांजर भीत नसे. एकदा मला डुलकी लागली (रसाच्या जेवणानंतर लागणारच) आणि जाग आली ती अंगावर पडलेल्या टपोऱ्या थेंबांनी. वळीव! मग जी पळापळ! काकू पापडांची साडी चारही टोकांनी उचलून धावतेय, आई आमसुलांचं सूप डोक्यावर घेऊन, आणि आजी ओट्यावरून ओरडतेय, "आधी बोंबील, आधी बोंबील!" रात्री मोजदाद झाली तेव्हा अकरा कमी भरले. मांजर दोन दिवस फिरकलं नाही. आजी रागावली नाही, एवढंच म्हणाली, "तुझ्या वाटचे गेले." ती हे विसरेल असं मला वाटलं होतं. आषाढात भाजलेला बोंबील सगळ्यांच्या ताटात पडला, माझ्या ताटात लोणच्याची फोड.

काकडीच्या, पडवळाच्या बिया स्वयंपाकघराच्या भिंतीवर शेणाने थापलेल्या असत. पहिला पाऊस झाला की खरवडून थेट आळ्यात. मीही बाल्कनीतल्या कुंडीत पडवळ लावून पाहिलं. एक धरलं. सरळ वाढावं म्हणून आजीसारखा त्याला दोऱ्याने दगड बांधला. दगडासकट खाली आलं.

24 मार्च 2020 च्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली, सगळी सोसायटी वाण्याकडे धावली, तेव्हा मी निवांत होते, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे मीही धावले. रांगेत उभ्या उभ्या घरातलं कपाट मनात मोजत होते. पुढच्या काकूंचेही ओठ हलत होते. साखर मिळाली नाही. मी शेवयांची तीन पाकिटं आणि अर्थातच मिठाचा पुडा घेऊन परतले.

माझी आणखी एक खोड आहे. मला 'संपलं' म्हणवत नाही. आजीच्या घरात मीठ, तांदूळ, कुंकू कधीच संपलं नाही, ते 'वाढायचं'. लहानपणी एकदा तांदूळ संपले म्हणाले तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला होता, राखेचा. आता फोनवर मिठाच्या चित्राखाली 'संपले' असं दिसलं की घरात कुणी तरी अभद्र बोलल्यासारखं होतं. म्हणूनही असेल, पाच पुडे.

आजी जुलैत गेली, भर पावसात. बाराव्याला जमलेली माणसं तिनेच भरून ठेवलेल्या तांदळाचा भात जेवली. पुढे गणपतीपर्यंत आम्ही तिची डाळ, तिची आमसुलं, तिचं मीठ खात होतो. मग एका सकाळी आईने मडक्यात हात घातला, तळाची ओली कड बोटांनी निपटून घेतली आणि सवयीने पडवीकडे तोंड करून हाक दिली, "मीठ वाढलं हो!"

पडवीतून काही आलं नाही. थोड्या वेळाने काकांनी सायकल काढली आणि ते दुकानावर गेले.